ताजा कलम आधी वाचला

"डॉक्टर, स. न. वि. वि.
मी ठाण्यात चरईत राहते, वय 57. पुढच्या मे महिन्यात शाळेतून निवृत्त होईन. गेलं वर्षभर ब्रश करताना रक्त येतं, म्हणून त्या बाजूला हल्ली ब्रश हलकाच फिरवते. खालचे पुढचे चार दात जिभेने ढकलले तरी हलतात. भाकरीचा तुकडा दातांनी तोडणं बंद झालंय. दुखत मात्र काहीच नाही. एका दवाखान्यात ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा मिळून एकच मोठा एक्स-रे, काढला. हाड झिजलंय, खालचे सहा दात आणि वरच्या दोन दाढा काढून टाकू, तीन दिवसांत इम्प्लांटचे, म्हणजे हाडात स्क्रू घालून बसवलेले, पक्के दात देऊ, पैसे हप्त्यांनी द्या, असं सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी हिरड्यांच्या स्पेशालिस्टच्या नावे चिठ्ठी दिली. फ्लॅप, म्हणजे हिरडी उघडून सफाई, करावा लागेल म्हणाले. शेजारच्या काकू म्हणतात, दात एकदा साफ करून घेतले की उरलेलेही हलायला लागतात, त्यांचं तसंच झालं. माझी आई मशेरी लावायची, तिचे दात सत्तरीपर्यंत टिकले. मीही अधूनमधून चिमूटभर लावते, लावली की रक्त थांबतं. शुगर आहे, शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 8.4. काय करू, दात काढू की ठेवू?
ता. क. हाडांसाठी दर रविवारी एक गोळी घेते, पाच वर्षं झाली. म्हणजे जबड्याचं हाड तरी भक्कम असेल ना?"

ताई, तुमचा ताजा कलम मी दोनदा वाचला आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दोन्ही डॉक्टरांना या रविवारच्या गोळीबद्दल सांगितलंत का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नसेलच सांगितलं. मग आज-उद्या फोन करून सांगा. आणि ते सांगून होईपर्यंत एकही दात काढून घेऊ नका, कितीही हलत असला तरी.

हे मी जरा ठासून सांगतेय, कारण मीही एकदा यात चुकलेय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक आजी आल्या होत्या. "बीपी, शुगर, काही गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं, त्या नाही म्हणाल्या. हलणारी एक दाढ मी काढली. काही अवघड नव्हतं, पाच मिनिटांचं काम. महिना झाला, दीड महिना झाला, जखम भरेना. हिरडीतून पिवळट हाडाचा कंगोरा दिसायला लागला. तेव्हा त्यांच्या सुनेने पर्समधून गोळीचं पाकीट काढलं. आजींच्या लेखी ते औषधच नव्हतं, "ती तर ताकदीची आहे, आठवड्याला एक." ती जखम भरायला पुढे कित्येक महिने गेले. तेव्हापासून मी प्रश्न बदललाय. आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा, सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा काही घेता का, गोळी किंवा इंजेक्शन? एवढं विचारलं की लोकांना बरोबर आठवतं.

सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं पडायचं नाही, अशी सूचना असेल तर ती अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा त्याच घराण्यातली गोळी. आपलं हाड रोज थोडं मोडलं जातं आणि रोज थोडं नव्याने बांधलं जातं. पाळी गेल्यानंतर मोडण्याचा वेग वाढतो, बांधण्याचा तेवढा वाढत नाही. ही गोळी मोडणाऱ्या पेशींना आवरते. मणक्यांना आणि खुब्याला त्याचा खरोखर फायदा होतो, त्याबद्दल शंका नको. पण दात काढल्यावर जबड्यात जो खड्डा उरतो, तो भरताना आधी खराब हाड मोडून बाजूला करावं लागतं, मग नवीन बनतं. मोडणारी मंडळीच सुस्त झाली की कधीकधी खड्डा भरत नाही, हाड उघडं राहतं. आठ आठवड्यांपेक्षा जास्त दिवस उघडं राहिलं की आम्ही त्याला या औषधाने झालेला जबड्याचा त्रास म्हणतो. 2003 च्या सुमारास डॉक्टरांच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं.

घाबरू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून तोंडाने गोळी घेणाऱ्यांत हे फार क्वचित होतं, हजारात एखाद्यालाही नाही. कॅन्सरसाठी याच प्रकारच्या औषधाचे मोठे डोस शिरेतून घेणाऱ्यांत ते पुष्कळ जास्त दिसतं. पण तुमच्या बाबतीत गोळीला पाच वर्षं झालीत, शुगर वर आहे, हिरड्यांत जुनाट जंतुसंसर्ग आहे आणि एका बैठकीत आठ दात काढायचा बेत आहे. एकेक गोष्ट चालून गेली असती. चारही एकत्र आल्यावर घाई कशासाठी करायची?

आणि कृपा करून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. ती हाडात वर्षानुवर्षं मुरून राहते, दोन रविवार चुकवून काही साधत नाही. ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांशी दातांच्या डॉक्टरांनी बोलायचं असतं. पाच वर्षांनंतर तसाही त्या गोळीचा फेरविचार करतातच, तेव्हा ही भेट वाया जाणार नाही. तुमच्या ओळखीत कुणी दर सहा महिन्यांनी हाडांचं इंजेक्शन घेत असेल तर त्यांना तर हे आवर्जून सांगा. ते परस्पर थांबवलं तर मणक्यांची हाडं पटापट मोडल्याची उदाहरणं आहेत.

आता ताज्या कलमातल्या प्रश्नाचं उत्तर. नाही, त्या गोळीने दातांभोवतीचं हाड भक्कम झालेलं नाही. मणक्याचं हाड वयाने आणि हार्मोनने विरळ होतं. दाताभोवतीचं हाड खचतं ते हिरडीच्या आत साठलेल्या जंतूंमुळे आणि त्यांच्याशी लढताना आपल्याच शरीराने पेटवलेल्या सुजेमुळे. दुखणं वेगळं, कारण वेगळं. कॅल्शियमच्या गोळ्यांनी दात घट्ट होतील या आशेवर वर्षं काढलेली माणसं माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

दुखत नाही, हीच या हिरड्यांच्या आजाराची, पायोरियाची, खोड आहे. किडलेला दात रात्री तीन वाजता उठवतो. पायोरिया एका अक्षराने बोलत नाही, हाड निम्मं गेल्यावर दात हलवून दाखवतो. "वय झालं की दात पडायचेच" हेही मनातून काढा. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या संशोधकाने बारा निरोगी हिरड्यांच्या लोकांना, त्यातले बहुतेक दंतविद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. तिथे वयाचा काही संबंध नव्हता, दातांवर जंतूंची पुटं साठली म्हणून सूज आली. नुसती सूज अशी मागे फिरते. एकदा हाड खचलं की ते मात्र आपलं आपण परत येत नाही. तुमची गाडी त्या फाट्याच्या पुढे गेलीय, पण किती पुढे, ते अजून कुणी मोजलेलंच नाही.

मोजलेलं नाही असं मी म्हणते, कारण तुमच्या पत्रात हिरडीच्या मापाचा एकही आकडा नाही. ओपीजी म्हणजे उंचावरून काढलेला अख्ख्या गावाचा फोटो. हाड साधारण कुठवर आहे ते कळतं. कुठल्या दाताच्या कुठल्या बाजूला किती, हे कळायला हिरडी मोजावी लागते. त्याला एक बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते. ती दात आणि हिरडीच्या फटीत अलगद उतरवायची, एकेका दाताला सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे म्हणतात, असिस्टंट लिहून घेते: "तीन, दोन, तीन… तीन, पाच, सात." तीनपर्यंत ठीक. चारपासून पुढे खिसा तयार झालाय असं समजायचं. सहा-सात म्हणजे ब्रश, दोरा, गुळण्या यातलं काहीच तिथे तळापर्यंत पोचत नाही. पेशंट खुर्चीत पडल्या पडल्या हे ऐकत असतात आणि दहाव्या मिनिटाला त्यांनाच कळायला लागतं कुठे बिघडलंय. तुम्ही शिक्षिका आहात, प्रगतिपुस्तकाशिवाय पोराला नापास केलेलं तुम्हाला चाललं असतं का? मग दातांचंही प्रगतिपुस्तक मागा. तो चार्ट आणि संशयित दातांचे छोटे एक्स-रे. हे दोन्ही हातात नसताना "आठ दात काढा" म्हणणं घाईचं, आणि खरं सांगायचं तर "फ्लॅप करा" म्हणणंही घाईचंच.

माझा अंदाज विचाराल तर, न बघता लिहितेय हे धरून चाला, खालचे चार पुढचे दात बहुतेक वेळा वाटतात त्यापेक्षा जास्त टिकाऊ निघतात. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, म्हणून त्या दातांच्या मागे कीटण सर्वांत लवकर आणि सर्वांत जाड चढतं. कधीकधी चारही दातांच्या मागे सलग भिंत झालेली असते. ती काढली, सूज उतरली की हलणं काही प्रमाणात कमी होतं. उरलेलं हलणं चावताना त्रास देत असेल तर मागच्या बाजूने बारीक तार किंवा फायबरची पट्टी चिकटवून ते दात एकमेकांना बांधता येतात. आगगाडीत गर्दीत चौघी एकमेकींना धरून उभ्या राहतात तसं. वरच्या दाढांची गोष्ट वेगळी. दाढेला तीन मुळं, त्यांच्या मधल्या बेचक्यात जंतू शिरले की साफ करणं महाकठीण. त्यातली एखादी जाईलही. पण ती का जातेय ते आकड्यांत कळल्यावर जावी.

शेजारच्या काकूंचं म्हणणं मी रोज ऐकते, आणि त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना तसंच जाणवलं असणार. हाड आधीच खचलेलं असतं, दात त्या कीटणाच्या सिमेंटवर तग धरून असतात. सिमेंट फोडल्यावर खरी परिस्थिती उघडी पडते. शिवाय सूज उतरली की हिरडी आक्रसते, दातांच्या मधे काळ्या त्रिकोणी फटी दिसतात, पन्ह्याचा पहिला घोट झिणझिण्या आणतो. हे सगळं तुमच्याही बाबतीत होणार आहे, आधीच सांगून ठेवते. झिणझिण्या काही आठवड्यांत कमी होतात. फटी राहतात. सुजलेली हिरडी भरलेली दिसते, तिला तब्येत समजायचं नाही.

मशेरीने रक्त थांबतं, हेही अगदी खरं. तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त येणं हा हिरडीचा एकमेव ओरडा होता, तो तुम्ही दाबला, आत आजार चालूच राहिला. तंबाखूवर काहीही केलं, साफसफाई, फ्लॅप, इम्प्लांट, तरी जखम नीट भरत नाही. तोंडाच्या कॅन्सरचं तर मी वेगळं लिहीत नाही, तुम्ही शाळेत मुलांना शिकवलंच असेल. आईचे दात टिकले ते मशेरीमुळे नव्हे, मशेरी असूनही टिकले. तिला शुगर होती का, हे मला विचारायचंय. चिमूटभर म्हणजे किती ते तुम्हालाच ठाऊक, पण ती डबी आज घराबाहेर.

शुगर आणि हिरड्या यांचं साटंलोटं आहे. शुगर वर असली की हिरड्यांची सूज भडकते, आणि हिरड्या पेटलेल्या असल्या की शुगर आटोक्यात येत नाही. चांगली बातमी अशी की हे उलटही चालतं. हिरड्यांच्या खोल साफसफाईनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.4 च्या आसपास उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलंय. 8.4 चा 8 होणं थोडं वाटतं, पण एखादी जादा गोळी सुरू करून जेवढं मिळतं त्याच्या जवळपास जाणारं आहे हे. खोल साफसफाईला शुगर खाली येण्याची वाट बघायची नाही. चिरफाडीच्या कामाला मात्र मी बघते. आठच्या खाली, जमल्यास सातच्या जवळ आल्याशिवाय फ्लॅपला हात लावत नाही. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने काहींच्या हिरड्या फुगतात.

मग क्रम काय? आधी हिरडी बधिर करून मुळांपर्यंत खोल साफसफाई, दोन किंवा चार बैठकींत. नुसता अँटिबायोटिकचा कोर्स लिहून कुणी वाटेला लावत असेल तर तिथे थांबू नका. त्या जंतूंनी दाताच्या मुळावर चिकट थर केलेला असतो, तो खरवडून काढल्याशिवाय औषध आत शिरत नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा सगळे आकडे. तेव्हा कळतं की पूर्वीच्या सातातले किती चारावर आले. जिथे पाच-सहा उरलेत आणि रक्त येतंय, तिथे फ्लॅपचा विचार. फ्लॅप म्हणजे हिरडी उघडून, डोळ्यांनी बघून मुळं साफ करायची आणि टाके घालून परत बसवायची. हाडाची पावडर, ज्याला ग्राफ्ट म्हणतात, ती सरसकट कामाची नसते. दाताला लागून विहिरीसारखा खोल अरुंद खड्डा असेल तर भरता येतो. नदीकाठची दरड सगळीकडून सारखी खचलीय तशी हाडाची अवस्था असेल तर पावडर कशाला धरून राहणार? "ग्राफ्टने हाड परत आणून देतो" असं कुणी म्हणालं तर कुठल्या दाताला, खड्डा कोणत्या आकाराचा, एवढं एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

तीन दिवसांत पक्के दात ही थाप नाही. योग्य माणसाला, योग्य हाडात असं करतात आणि चांगलं चालतं. मला खटकतो तो त्यामागचा हिशेब: दात गेले म्हणजे पायोरिया गेला. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतालच्या हिरडीला तोच आजार होतो आणि तेच हाड खचतं. ज्यांचे दात पायोरियाने गेले त्यांच्यात तर तो जास्तच दिसतो. तोंड तेच, शुगर तीच, घासायचा हात तोच. आणि स्वतःच्या दाताला हाडाशी जोडणारे बारीक तंतू असतात, इम्प्लांटला नसतात. तिथे जंतू शिरले की आजार भराभर आत जातो. आज काढलेला दात उद्या परत लावता येत नाही. आज न काढलेला दात चार महिन्यांनी काढता येतो. इम्प्लांट तेव्हाही मिळतील, हप्तेही मिळतील.

स्पेशालिस्ट म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं हिरड्या आणि त्याखालच्या हाडाचंच शिक्षण घेतलेला एमडीएस, पेरिओडॉन्टिस्ट. नौपाड्यात, राम मारुती रोडवर दर दुसऱ्या इमारतीत दातांची पाटी आहे. त्यातल्या अनेक दवाखान्यांत हा माणूस ठरलेल्या वारी येतो, रोज बसत नाही. विचारून वेळ घ्या. पाटीवर किंवा फाइलवर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. खर्चाची काळजी असेल, आणि मेडिक्लेममध्ये दातांची असली कामं सहसा बसत नाहीत, तर दंत महाविद्यालयाचा रस्ता धरा. ठाणे स्टेशनवरून नेरूळची लोकल पकडलीत की नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा अशी दोन कॉलेजं आहेत. मुंबईकडे सोपं पडत असेल तर सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर. कॉलेजात वेळ लागतो, एका बैठकीला अर्धा दिवस जातो. पण तिथे चार्ट भरल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढे सरकू देत नाहीत, आणि मघापासून मी त्याच कागदाची भुणभुण लावलीय. सुट्टीच्या दिवसांत धरा ते.

घरी आजपासून एवढं करा. रक्त येतं तिथे ब्रश हलका फिरवणं बंद, नेमकं तिथेच जास्त लक्ष. मऊ ब्रश, केस हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी थरथरवायचे, आडवी करवत चालवायची नाही. पहिले आठ-दहा दिवस रक्त वाढल्यासारखं वाटेल, मग ओसरू लागेल. दातांमधल्या फटींसाठी छोटा ब्रश मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू दिसावं तसा. फटीच्या मापाचा डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि रात्री जेवणानंतर वापरा. मीठ-पाण्याच्या गुळण्या करा, बरं वाटतं, बिघडत काही नाही. औषधी माउथवॉश लिहून दिला तर सांगितलेल्या दिवसांपुरताच. जास्त दिवस घेतला की दात चहाच्या कपासारखे डागाळतात. आणि इलाज संपला तरी दर तीन महिन्यांनी खुर्चीत बसायचं आहे. लोक नेमकं इथेच सोडून देतात, दोन वर्षांनी परत येतात तेव्हा आकडे जिथून निघाले होते तिथे पोचलेले असतात.

ओपीजीचा मोबाइलवर काढलेला फोटो मला पाठवू नका, तो चमकतो आणि त्यावरून मी काही सांगणार नाही. चार्ट झाला की खालच्या पुढच्या चार दातांचे, म्हणजे 31, 32, 41 आणि 42 या नंबरांचे, सहा-सहा आकडे कागदावर उतरवून कळवा. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं काय म्हणणं पडलं तेही लिहा. आणि या वेळी ते ताज्या कलमात नको, पहिल्या ओळीत.